कम्युनियन कुणी घ्यावं, कुणी थांबावं: दादरच्या एका घराच्या प्रश्नांना उत्तर

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून त्यातलं मुद्द्याचं आधी इथे मांडतो. तुम्ही दादरचे, हिंदू. पत्नी कॅथलिक, ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती) घरातली. लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली रजिस्टर झालं, चर्चमध्ये काहीच झालं नाही. मुलीचा बाप्तिस्मा मात्र झाला आणि पुढच्या महिन्यात तिचं फर्स्ट होली कम्युनियन आहे, म्हणजे मिस्सेत (चर्चच्या मुख्य उपासनेत) मिळणारी पवित्र भाकर ती पहिल्यांदा घेणार आहे. त्या दिवशी तुम्ही आणि तुमच्या आई रांगेत जाऊन कम्युनियन घेऊ शकता का, हा पहिला प्रश्न. लग्नापासून पत्नी कम्युनियन घेत नाही, 'तुझं आता कायमचं बंद' असं नातेवाइकांनी तिला सांगितलंय, ते खरं का, हा दुसरा. मेहुण्याने त्याच्या बाळाचा गॉडफादर (धर्मपिता) व्हायला तुम्हाला सांगितलंय. तुम्हाला जमत नसेल तर सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चचे असलेले तुमचे साडू चालतील का, हा तिसरा. आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी फादरना कधी बोलवायचं, हा शेवटचा.

मी मूळचा वसईचा, राहायला बोरिवलीला. पॅरिशमध्ये (आमच्या भागातल्या चर्चमध्ये) मुलांचे आणि मोठ्यांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो, लग्न ठरलेल्या जोडप्यांशी बोलतो आणि रविवारच्या मिस्सेला फादरांच्या शेजारी उभा राहून कम्युनियन वाटतो. मी धर्मगुरू नाही, पण हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात, आणि त्यातले बरेचसे कुणीतरी कुणालातरी सांगितलेल्या अर्धवट माहितीतून येतात.

रांगेचं आधी सांगून टाकतो. तुम्ही आणि आईंनी कम्युनियन घेऊ नये. बाप्तिस्मा हे बाकीच्या सगळ्या संस्कारांचं दार आहे. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला दुसरा कोणताही संस्कार देता येत नाही, असं १९८३च्या कॅनन कायद्यात (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात) स्पष्ट लिहिलंय. ही गोष्ट कुणा एका फादरच्या मर्जीवर नाही.

आपल्याकडे देवळात गेलं की प्रसाद सगळ्यांना मिळतो, कुणाचं नाव-गाव कुणी विचारत नाही. त्यामुळे 'तुम्ही थांबा' हे ऐकलं की पंगतीतून उठवल्यासारखं वाटतं, आणि महाराष्ट्रात तर अशा वाटण्याला फार जुन्या जखमा आहेत. म्हणून हे नीट सांगायला हवं की इथे प्रश्न माणसाच्या शुद्ध-अशुद्धतेचा नाही. कम्युनियन देताना मी ओस्ती (गव्हाची पातळ, गोल भाकर) समोर धरतो आणि म्हणतो, 'ख्रिस्तशरीर'. समोरचा म्हणतो, 'आमेन'. त्या एका शब्दात तो कबूल करतो की हे खरोखर ख्रिस्ताचं शरीर आहे असं मी मानतो, आणि ही मंडळी जे मानतात ते मानून मी त्यांच्यातला एक आहे. तुमचा त्यावर विश्वास नसताना तुमच्याकडून हे वदवून घेणं म्हणजे तुम्हाला देवासमोर खोटं बोलायला लावणं. तुमच्या श्रद्धेचा आदर ठेवायचा तर मला ते करता येणार नाही.

हा नियम मुंबईत काय, रोममध्येही अलीकडे कुणी काढलेला नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या सम्राटाला आपल्या लोकांची उपासना समजावून सांगितली, तेव्हाच त्याने लिहून ठेवलं की या अन्नात वाटा त्यालाच, जो ही शिकवण खरी मानतो, ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे आणि जो ख्रिस्ताने सांगितल्याप्रमाणे जगतो. त्यातली तिसरी अट लक्षात घ्या. ती आम्हा कॅथलिकांना लागू होते, आणि आमच्यातलेच कितीतरी जण तिच्यापाशी थांबतात.

म्हणून त्या दिवशी बाकावर बसून राहिलात तर तुम्ही एकटे पडणार नाही. ज्याच्या मनावर गंभीर पाप आहे आणि ज्याने अजून कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) केलेला नाही, तो कॅथलिक बसून राहतो. ज्याने मिस्सेच्या आधी अर्धा तास वडापाव खाल्ला तोही बसतो, कारण कम्युनियनच्या आधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. माझ्या मोठ्यांच्या वर्गातली माणसं वर्षभर दर रविवारी येतात, सगळी गाणी त्यांना पाठ असतात, तरी ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होईपर्यंत ती रांगेत येत नाहीत. आणि तुमची स्वतःची मुलगी! ती आजवर प्रत्येक मिस्सेला आजीच्या शेजारी बसूनच राहिली असेल.

रांगेत नेमकं काय होतं तेही सांगतो, म्हणजे ऐनवेळी गडबड नको. लोक बाकांमधून ओळीने निघतात आणि ओघात आपणही उठतो. लग्नाच्या आणि मयताच्या मिस्सेला हे हमखास होतं. कॅथलिक माणूस बहुधा डावा तळवा उजव्यावर ठेवून हात पुढे करतो किंवा जीभ पुढे करतो, ओस्ती तिथेच माझ्यासमोर तोंडात घालतो आणि मग वळतो. पाहुणा असेल तर उजवा हात पुढे येतो, ओस्ती घेऊन तो डोळ्यांना लावतो आणि घरच्यांसाठी रुमालात ठेवायला बघतो. त्याच्या मनात नितांत आदर असतो, हे मला दिसतं. मी पात्रावर हात ठेवून हळूच विचारतो, 'आपण कॅथलिक आहात का?' 'नाही' म्हटलं की नमस्कार करून म्हणतो, 'देव तुमचं भलं करो', आणि तो पुढे जातो. दोन सेकंदांची गोष्ट; मागच्याला कळतसुद्धा नाही. कुणी ओस्ती हातात घेऊन निघालाच तर मागे जाऊन ती परत मागावी लागते किंवा तिथेच खायला सांगावं लागतं, आणि तो प्रसंग त्या माणसाला ओशाळवाणा होतो. ते टाळायचं म्हणून मी आधीच एवढं लिहितोय. काही पॅरिशमध्ये छातीवर हात दुमडून रांगेत आलेल्याला नुसता आशीर्वाद देतात. विधीच्या पुस्तकात ही पद्धत नाही, त्यामुळे सगळीकडे चालतेच असं नाही. आईंची फार इच्छा असेल तर आदल्या आठवड्यात फादरांना विचारून ठेवा.

कम्युनियन नाही म्हणजे काहीच नाही, असा मात्र अर्थ घेऊ नका. संस्कार वेगळे आणि आशीर्वाद, राख, मेणबत्ती या गोष्टी वेगळ्या. राखेच्या बुधवारी कपाळावर राख कुणीही लावून घेऊ शकतं. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझच्या दिवशी गळ्याला दोन मेणबत्त्या लावून आशीर्वाद देतात, तो कुणालाही मिळतो. गुड फ्रायडेला क्रूसाचं चुंबन कुणीही घ्यावं. माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना-प्रार्थनेला येणाऱ्या गर्दीत हिंदू किती असतात हे तुम्ही दादरचे, तुम्हाला मी काय सांगायचं! बांद्र्याच्या मोतमाउलीला (माउंट मेरीला) सप्टेंबरात मेणाचे हात, पाय, घरं वाहणाऱ्यांत कोळी भगिनी पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांना कुणी धर्म विचारत नाही. कॅनन कायदासुद्धा आशीर्वाद कॅथलिकेतरांना देता येतो असंच सांगतो. आईंनी मिस्सेनंतर फादरांपुढे हात जोडले तर ते डोक्यावर हात ठेवतीलच.

आता पत्नीबद्दल. मला तुमच्या पत्रातला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि त्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

तिला कुणी चर्चमधून काढलेलं नाही. बहिष्कार ही कॅनन कायद्यातली वेगळी आणि गंभीर शिक्षा आहे, आणि रजिस्टर लग्न केलं म्हणून ती होत नाही. ती आजही पूर्ण कॅथलिक आहे. रविवारच्या मिस्सेला जाणं हा तिचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. अडचण एवढीच आहे की कॅथलिक व्यक्तीने लग्न करताना ते धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावं अशी अट आहे, आणि बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर बिशपांकडून आधी सूट घ्यावी लागते. तुमच्या वेळी दोन्ही झालं नाही. त्यामुळे तुमचं लग्न भारतीय कायद्याने शंभर टक्के पक्कं, पण चर्चच्या नोंदीत ते अजून लग्न म्हणून उभं राहिलेलं नाही. ते उभं राहीपर्यंत तिने कम्युनियन घेऊ नये, हे बरोबर आहे. 'कायमचं बंद', हे साफ चूक आहे.

हे दुरुस्त करायचे दोन रस्ते आहेत. पहिला साधा. सूट मागायची, ती आली की एखाद्या दिवशी चर्चमध्ये फादर आणि दोन साक्षीदारांसमोर तुम्ही दोघांनी पुन्हा एकदा लग्नाची संमती द्यायची. याला मिस्सा लागत नाही, हॉल लागत नाही, पत्रिका तर नाहीच. घरची चार माणसं पुरतात. तुमच्यासारख्या जोडप्याच्या लग्नविधीत कम्युनियनही ठेवत नाहीत, म्हणजे एकाने घ्यायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं असा प्रसंग येत नाही.

दुसरा रस्ता फार थोड्यांना माहीत असतो. कित्येक नवरे म्हणतात, 'आमचं लग्न झालेलंच आहे, मी पुन्हा कशाला शपथ घेऊ?' त्यात अहंकारच असतो असं नाही. त्यांना खरंच वाटतं की पुन्हा 'हो' म्हटलं तर आधीचं 'हो' खोटं ठरेल. अशा वेळी बिशप ते लग्न मुळापासून वैध ठरवू शकतात. दोघांची त्या दिवशीची संमती आजही टिकून असली की झालं. ती पुन्हा उच्चारावी लागत नाही, आणि लग्नाचे परिणाम पहिल्या दिवसापासून धरले जातात. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. रजिस्ट्रारच्या टेबलासमोर तुम्ही दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द चर्च खरा मानतं, हे तिच्यात गृहीत आहे.

दोन्ही रस्त्यांवर एक वचन द्यावं लागतं, आणि त्याबद्दल तुमच्या आईंना धास्ती आहे असं दिसतं, म्हणून स्पष्ट करतो. वचन फक्त तुमच्या पत्नीने द्यायचं आहे: मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल ते सर्व करीन. 'होईल ते सर्व' हे शब्द महत्त्वाचे आहेत. घरात दोघांचंही मत असतं हे चर्चला कळतं. तुम्हाला वचन द्यायचं नाही, धर्म बदलायचा नाही, नाव बदलायचं नाही. तिने हे वचन दिलंय याची तुम्हाला पूर्ण कल्पना आहे एवढंच तुम्हाला विचारतील, आणि चर्चच्या समजुतीप्रमाणे लग्न आयुष्यभराचं, एकनिष्ठेचं आणि मुलांना जागा देणारं असतं हे दोघांनाही समजावून सांगतील. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा त्याच्या स्वतःच्या मोकळ्या इच्छेशिवाय करताच येत नाही; बळजबरीला आमचाच कायदा मनाई करतो.

हे झालं की पत्नीने कुमसार करावा आणि पुढच्या मिस्सेला कम्युनियन घ्यावं. मुलीच्या दिवसापर्यंत सगळं उरकेल का, हे मी इथून सांगू शकत नाही. कागद कुलाब्याला आर्चबिशप हाऊसला जाऊन यावे लागतात. पण एका रविवारसाठी घाईघाईत उरकण्यापेक्षा नीट होऊ दे. तोवर ती मुलीशेजारी बसू शकते, सगळ्या प्रार्थना म्हणू शकते, मनातल्या मनात ख्रिस्ताला बोलवू शकते. त्यालाही चर्चमध्ये जुनं, मानाचं स्थान आहे.

मला खरी हळहळ याची वाटते की अशा कितीतरी बायका मुंबईत आहेत. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसतात. लग्नाच्या वेळी कुणी मावशी रागाच्या भरात काही बोललेली असते आणि तेच त्यांना चर्चचं म्हणणं वाटतं. फादरांना विचारायला जायचं तर 'आता काय तोंड घेऊन जाऊ' ही भीती. अशा कुणाला तुम्ही ओळखत असाल तर त्यांनाही हे सांगा.

असाच गैरसमज घटस्फोटाचा. घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही. कोर्टाने वेगळं केलं, नवऱ्याने टाकलं, मारहाणीमुळे ती घर सोडून आली, या कशामुळेही नाही. अडचण येते ती पहिल्या लग्नाचा चर्चच्या न्यायालयात निकाल न लावता दुसरं लग्न केलं तर. तिथेही दार बंद नाही. पहिलं लग्न मुळात वैध होतं का याची तपासणी मागता येते, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये ती पद्धत सोपी केली. आधी दोन न्यायालयांचा एकसारखा निकाल लागायचा, आता एक पुरतो. ज्यांचं प्रकरण त्यातही बसत नाही त्यांच्यासाठी २०१६च्या त्यांच्या कुटुंबविषयक पत्राने धर्मगुरूबरोबर बसून शांतपणे विवेक करण्याचा मार्ग दाखवला आहे. ते एकेका माणसाचं काम आहे, लिहून सरसकट उत्तर देण्यासारखं नाही.

ज्यांचं लग्न अजून व्हायचंय त्यांच्यासाठी एक ओळ: मुंबईत सकाळी चर्च आणि संध्याकाळी सप्तपदी असा बेत सर्रास ठरतो. हळद, मेंदी, रिसेप्शन हवं तसं करा, पण लग्नाची संमती देणारा दुसरा धार्मिक विधी चर्चला चालत नाही. हॉल बुक करायच्या आधी फादरांना भेटा.

तुमच्या मुलीवर यातल्या कशाचाही परिणाम होत नाही, हे पत्नीला आवर्जून सांगा. आई-वडिलांपैकी एकाची संमती आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी आशा, यावर तिचा बाप्तिस्मा झालेला आहे आणि तो पूर्ण आहे. तिने काय घेतोय ते तिच्या वयाला झेपेल इतपत समजून घ्यावं आणि त्याआधी पहिला कुमसार करावा, एवढीच अपेक्षा. एके काळी यासाठी मुलं दहा, बारा, कधी चौदा वर्षांची होईपर्यंत थांबत. १९१०मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं की साधारण सात वर्षांच्या, बऱ्यावाईटाची समज आलेल्या मुलाला ताटकळत ठेवू नका. त्या सकाळी एक सांभाळा: गाडीत दूध-बिस्किट देऊ नका. नवे कपडे, फोटो, धावपळ यात आजी हमखास काहीतरी भरवते, आणि मग लेकरू रडवेलं होऊन विचारतं, 'काका, आता मला मिळणार नाही का?' आणखी एक, तिला गव्हाची ॲलर्जी असेल तर आत्ताच कळवा. ओस्ती गव्हाचीच लागते, पण ग्लुटेनचं प्रमाण अगदी कमी असलेली मिळते; ती आधी मागवावी लागते.

गॉडफादरचं थोडक्यात. तुम्ही होऊ शकत नाही. गॉडफादर कॅथलिक, साधारण सोळा वर्षांवरचा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला आणि स्वतः संस्कार घेत श्रद्धेने जगणारा हवा, कारण त्याने मुलाला त्याच वाटेवर सोबत करायची असते. एक कॅथलिक गॉडमदर असली तरी नियमाने पुरते, त्यामुळे जोडी जमवायलाच हवी असं नाही. साडूंचं वेगळं आहे. त्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे आणि कॅथलिक चर्च तो मानतं, म्हणून कॅथलिक गॉडपेरेंटच्या बरोबरीने ते साक्षीदार म्हणून उभे राहू शकतात. तुमच्या नशिबी तेही नाही, पण मेहुण्याच्या बाळाला मांडीवर घ्यायला आणि त्याचे लाड करायला कुठलाही कॅनन आड येत नाही. गंमत अशी की जिथे जीव धोक्यात असतो तिथे हाच कायदा सगळ्यात मोकळा होतो. नवजात बाळ काचेच्या पेटीत आहे, फादर ट्रॅफिकमध्ये अडकलेत, अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नर्स हिंदू असो की मुसलमान, चर्च जे करतं तेच करायची इच्छा ठेवून तिने डोक्यावर पाणी ओतत म्हटलं, 'मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने', तर तो पक्का बाप्तिस्मा. मग पॅरिशला कळवून नोंद करून घ्यायची.

साडू कम्युनियन घेऊ शकतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या दिवशी तेही असतील. एरवी नाही. प्रोटेस्टंट ख्रिस्ती व्यक्तीला कम्युनियन देता येतं ते मरणाच्या धोक्यात किंवा बिशपांनी मान्य केलेल्या तशाच गंभीर गरजेत, तिला स्वतःच्या पाळकापर्यंत पोचता येत नसेल, तिने आपणहून मागितलं असेल, तिची मनाची तयारी असेल आणि या संस्काराबद्दल ती कॅथलिकांसारखंच मानत असेल तर. ऑर्थोडॉक्स मंडळींनी आपणहून मागितलं आणि मनाची तयारी असली तर आमचा कायदा आडकाठी करत नाही, पण त्यांच्या स्वतःच्या चर्चचे नियम बहुधा करतात, आणि त्यांचा मान ठेवावा. तुमच्या इमारतीतले मल्याळी शेजारी सिरो-मलबार असतील तर त्यांना कुठलाच प्रश्न नाही. ते पूर्ण कॅथलिक आहेत, त्यांचा उपासनाविधी वेगळा एवढंच; १९८८पासून कल्याणला त्यांचा वेगळा धर्मप्रांत आहे.

आता सासूबाई. फादरना आजच फोन करा. 'तेल लावायला फादर आले म्हणजे शेवट आला', ही समजूत अजून इतकी घट्ट आहे की लोक रुग्ण व्हेंटिलेटरवर जाईपर्यंत थांबतात. रुग्णाच्या तैलाभ्यंगाला, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराला, मरण समोर असायची गरज नसते. आजारपणाने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका निर्माण व्हायला लागला की तो संस्कार घ्यावा, बरं वाटून पुन्हा बिघडलं तर पुन्हा घ्यावा. बेशुद्ध माणसालाही देतात, शुद्धीत असता तर त्याने मागितला असता असं धरून. पण कुमसार आणि कम्युनियन यांना माणूस जागा लागतो. सासूबाईंना बोलता येतंय, गिळता येतंय, तोवर हे व्हायला हवं. मृत्यूनंतर तैलाभ्यंग करत नाहीत, तेव्हा फक्त प्रार्थना.

फोन तुम्हीही करू शकता. करणारा कॅथलिकच असावा असं नाही. नंतर दर आठवड्याला किंवा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी कम्युनियन आणायची व्यवस्था पॅरिश करते. घरात एक लहान टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, एक मेणबत्ती, पेलाभर पाणी आणि चमचा. टीव्ही बंद. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती पेटवू नका, क्रूस पुरे. आम्ही छोट्या गोल डबीत ओस्ती आणतो आणि वाटेत कुठे थांबत नाही, त्यामुळे दारात चहाचा आग्रह करू नका. गिळायला त्रास असेल तर ओस्तीचा तुकडाही चालतो, वर घोटभर पाणी द्यायचं. एका तासाच्या उपवासाची अट आजाऱ्याला नाही, त्याची सेवा करणाऱ्यालाही नाही. म्हणजे पत्नीचं लग्नाचं काम मार्गी लागलं की आईच्या गोळ्या-नाश्ता करून तीही आईबरोबर घेऊ शकेल.

पत्नीला करायचं काय ते शेवटी लिहितो. जिथे तिचा बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशमधून दाखला नव्याने काढायचा. जुना लॅमिनेट केलेला चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण दृढीकरण, लग्न या नोंदी त्याच रजिस्टरात चढतात आणि ती आधी कुणाशी विवाहबद्ध नाही हे त्यावरून कळतं. सोबत रजिस्ट्रारचं सर्टिफिकेट, दोघांची ओळखपत्रं आणि मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला. हे सगळं घेऊन तुम्ही आता राहता तिथल्या पॅरिशच्या ऑफिसात जायचं. रविवारी मिस्सेनंतर गाठू नका, फादरना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. आठवड्यातली एखादी संध्याकाळ ठरवून घ्या, आणि पहिल्याच भेटीला तुम्हीही तिच्याबरोबर जा.